जनसंपर्क: बाहेरची एजन्सी की घरचा माणूस?

माल चांगला आहे, जाहिरातीही चालू आहेत, तरी लोकांचा म्हणावा तसा विश्वास बसत नाही, असं वाटून तुम्ही जनसंपर्काकडे वळला असाल, तर पहिला पेच हाच पडतो. एजन्सी नेमायची की आपल्याच कंपनीत एक माणूस बसवायचा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आमची घरगुती वॉटर फिल्टर बनवणारी छोटी कंपनी आहे. आधी दोन वर्षं एजन्सी होती, गेली तीन वर्षं हे काम आमची एक सहकारी पाहते. जाहिरात आणि जनसंपर्क यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून थेट मुद्द्यावर येतो.

एजन्सीचं श्रेय आधी देतो, कारण ते खरंच त्यांचं आहे. मी लिहिलेलं पहिलं प्रसिद्धिपत्रक दोन पानांचं होतं आणि त्यात यंत्राच्या कौतुकाखेरीज फारसं काही नव्हतं. एजन्सीतल्या बाईंनी ते अर्ध्या पानावर आणलं. कार्ट्रिज कधी बदलायचं हे फिल्टर स्वतःच दाखवतो, ही गोष्ट मी पाचव्या परिच्छेदात दडवून ठेवली होती, ती त्यांनी मथळ्यात नेली. कोणता पत्रकार आरोग्यावर लिहितो, कोणाला घरगुती उपकरणांत रस आहे, कोणत्या आठवड्यात काहीही पाठवलं तरी कोणी वाचणार नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. ही ओळख विकत मिळते आणि घरच्या माणसाला ती जमवायला वर्ष तरी लागतं.

बाहेरच्या माणसाचा आणखी एक फायदा असतो, तो म्हणजे मालकाला न आवडणारं बोलण्याची मोकळीक. अमेरिकेतला जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली हे त्याचं जुनं उदाहरण. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. अपघात झाकायचा ही त्या काळातल्या रेल्वे कंपन्यांची रीत. लीने कंपनीच्या वतीने माहितीचं पत्रक काढलं आणि पत्रकारांना थेट घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणून त्याच पत्रकाचा दाखला दिला जातो. ली बाहेरून आलेला सल्लागार होता. आतल्या माणसाला वरिष्ठांपुढे हे सुचवण्याचं धाडस झालं असतं का, मला शंका आहे.

मग आम्ही एजन्सी का सोडली? दर महिन्याला येणारी कात्रणांची जाडजूड फाइल हे कारण नव्हतं, जरी तिचाही मला कंटाळा यायचा. तेवढीच जागा जाहिरातीसाठी घेतली असती तर किती पैसे पडले असते, याचा हिशेब शेवटच्या पानावर असायचा. २०१० मध्ये या क्षेत्रातल्याच मंडळींनी ‘बार्सिलोना तत्त्वं’ ठरवली, त्यांत असा हिशेब म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही ते पान येत राहिलं. ते मी सोडून दिलं असतं.

सोडून देता आला नाही तो एक शब्दप्रयोग: ‘विचारून कळवतो’.

झालं असं. एका बॅचमध्ये फिल्टरच्या खालच्या झाकणातली रबरी रिंग जरा कडक आली. दोन-तीन महिन्यांत झाकणाच्या कडेने थेंब थेंब पाणी झिरपायला लागलं. लोकांनी फोटो टाकायला सुरुवात केली. दुपारी चारला एका बातमीदाराने एजन्सीला फोन केला. त्याचे प्रश्न दोनच होते: हे पाणी प्यायला चालेल का, आणि कोणत्या बॅचच्या फिल्टरना हा त्रास आहे? एजन्सीतला तरुण म्हणाला, विचारून कळवतो. त्याची मेल मी पाहिली तेव्हा पाच वाजून गेले होते. पाच वीसला मी तीन ओळी पाठवल्या. गळती बाहेरच्या बाजूला होते, न गाळलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळत नाही. बॅच नंबर हा, तो झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. रिंग घरी येऊन फुकट बदलून देऊ.

एजन्सीत या तीन ओळी एका वरिष्ठाकडे गेल्या. बॅच नंबर काढला गेला, कारण ‘तो दिला तर चूक मान्य केल्यासारखं दिसेल’. वर ‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य असून’ अशी सुरुवात चढली. मग मजकूर माझ्याकडे मंजुरीला परत आला, रात्री साडेआठला. मी नंबर पुन्हा घातला. त्यावर चर्चा झाली. सकाळी पेपरात बातमीच्या शेवटी ओळ होती: ‘कंपनीची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.’

बातमीदाराची त्यात काहीच चूक नव्हती, तो साडेसातपर्यंत थांबला होता. एजन्सीतल्या कोणी आळस केला असंही नाही. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं आणि तेवढ्यात वेळ निघून गेली. त्या दिवशी दुकानदारांचे जे फोन आले, त्यांत गळतीबद्दल विचारणारे थोडे होते. बाकीचे एकच विचारत होते: तुम्ही बोलत का नाही? ते मला आजही टोचतं.

१९८२ च्या टायलेनॉल या अमेरिकेतल्या वेदनाशामक औषधाच्या प्रकरणाचा दाखला या विषयावर बोलणारा प्रत्येक जण देतो, पण त्यातलं कामाच्या वाटणीचं गणित क्वचितच कोणी सांगतं. शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूल खाऊन ७ माणसं दगावली. औषधामागची कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना गोळ्या घेऊ नका असं स्वतःच सांगितलं आणि बाजारातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. हा निर्णय कंपनीच्या आत झाला आणि प्रमुख जेम्स बर्क स्वतः लोकांसमोर आले. पुढे छेडछाड झाल्यास दिसून येईल अशा तिहेरी सीलमध्ये माल बाजारात परत आणताना उपग्रहाद्वारे अनेक शहरांतल्या पत्रकारांशी एकाच वेळी संवाद साधण्यात आला, त्यात जनसंपर्क कंपनीची मदत होती. मला यातून दिसतं ते एवढंच: काय सांगायचं ते आत ठरलं, ते दूरवर पोहोचवायला बाहेरचे हात लागले.

घरचा माणूस ठेवल्यावर काय बदललं, ते एका बादलीवरून सांगतो. नव्या कार्बन कार्ट्रिजमधून पहिल्यांदा काळसर पाणी येतं. ती कोळशाची बारीक भुकटी असते आणि थोडं पाणी सोडून दिलं की जाते. आम्हाला हे इतकं सवयीचं होतं की माहितीपत्रकात ते बारीक अक्षरांत होतं. आमची सहकारी आठवड्यातून एक दिवस तक्रारींच्या फोनवर बसते. लोक घाबरून फोन करतात ते याच पाण्यामुळे, हे तिला तिथे कळलं. तिने एका पत्रकाराला कारखान्यात बोलावलं, नवं कार्ट्रिज त्याच्यासमोर बसवलं आणि पांढऱ्या बादलीत पाणी सोडलं. आधी काळं, मग राखाडी, मग नितळ. त्याने विचारलं, पहिलं पाणी पोटात गेलं तर? तिने शेजारच्या टेबलावरच्या रसायनतज्ज्ञांना हाक मारली. उत्तर दोन मिनिटांत मिळालं. लेख छापण्याआधी आम्हाला दाखवा, असं आम्ही म्हटलं नाही.

अडचणी इथेही आहेत. ती रजेवर गेली की काम थांबतं. आणि कंपनीत राहून माणसाला कंपनीच्याच नजरेने दिसायला लागतं. परवाच एका मजकुरात तिने ‘नगण्य प्रमाणात’ असा शब्द वापरला, जो वर्षापूर्वी तिने स्वतःच खोडला असता. शिवाय हा माणूस विक्री विभागाच्या हाताखाली बसवला तर सगळंच वाया जातं, असं माझं मत आहे. एटी अँड टी या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीने १९२७ मध्ये आर्थर पेज यांना जनसंपर्कासाठी घेतलं ते थेट उपाध्यक्ष म्हणून. आमच्यासारख्या छोट्या कंपनीत तेवढ्या पदांची उतरंडच नसते, पण दुरुस्तीचं रजिस्टर न विचारता उघडायचा आणि मला अर्ध्या बैठकीतून उठवायचा अधिकार तिला दिला आहे.

तुमचा व्यवसाय अनेक भाषांत, अनेक शहरांत पसरलेला असेल, किंवा पहिलंच उत्पादन येत असेल आणि कोणी ओळखतच नसेल, तर एजन्सी कदाचित बरी पडेल. चांगल्या एजन्सीत आमच्यासारखा अनुभव येणारही नाही. नेमण्याआधी मात्र एक गोष्ट जरूर विचारा: संध्याकाळी सहाला बातमीदाराचा फोन आला तर त्याला उत्तर कोण देणार, आणि त्या माणसाने आमचं यंत्र कधी उघडून पाहिलं आहे का?

आम्ही एजन्सीशी नातं पूर्ण तोडलेलं नाही. नवं मॉडेल येतं तेव्हा तेवढ्यापुरतं त्यांना बोलावतो, पत्रक त्या बाईंकडूनच तपासून घेतो. पत्रकाच्या तळाशी संपर्कासाठी नंबर मात्र आमच्या सहकारीचा असतो, आणि त्याखाली माझा.