लँटानाचे रोप: फुले देखणी, चिठ्ठी अपुरी

रोपवाटिकेतून आणलेल्या लँटानाबद्दल हे परीक्षण तीन वर्षांनी लिहीत आहे, कारण पहिल्या वर्षी लिहिले असते तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. फुलांविषयी आजही तक्रार नाही. एकाच गुच्छात मधली नुकती उमललेली फुले पिवळी आणि कडेची जुनी फुले केशरी किंवा लालसर दिसतात, फुलपाखरे सतत घिरट्या घालतात आणि चार दिवस पाणी घालायचे राहिले तरी झाड मान टाकत नाही.

कुंडीवरच्या चिठ्ठीत ‘भरपूर फुले, निगा कमी’ एवढेच लिहिले होते. आपण ऐटीत घरी आणली ती घाणेरी, म्हणजेच टणटणी, हे मला पान चुरगळल्यावर आलेल्या उग्र वासाने कळले.

दुसऱ्या वर्षी हिरव्या फळांचे घोस जांभळट काळे झाले, पक्ष्यांनी ते खाल्ले आणि जिथे जिथे ते बसत, त्या तारेखाली व इतर कुंड्यांत खरखरीत पानांची रोपे उगवली. जमिनीला टेकलेल्या एका फांदीनेही मुळे धरली. झाड बुंध्याशी छाटले, तर महिन्याभरात पूर्वीपेक्षा जास्त धुमारे फुटले. अखेर जाड हातमोजे घालून (चौकोनी खोडावरचे आकडेदार काटे पातळ मोज्यांना जुमानत नाहीत) माती उकरून मुळासकट काढावे लागले. काढलेल्या फांद्या गुरे चरतात तिथे टाकू नयेत, कारण पानांतील लँटाडीन या विषारी द्रव्यांमुळे गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हात त्यांची कातडी भाजल्यासारखी होते.

उष्णकटिबंधीय अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेल्या या झुडपाचे नाव आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संलग्न तज्ज्ञांनी केलेल्या सर्वांत घातक अशा 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तरीही विकणाऱ्यांनी त्याचा उच्चार केला नाही. जवळजवळ फळे न धरणारे वाण उपलब्ध असतात. त्यांतले हे आहे का, असे नंतर विचारले असता ‘सगळे सारखेच’ असे उत्तर मिळाले. ते खरे नाही, आणि माझे दोन तारे कापले गेले ते झाडामुळे नव्हे, या उत्तरामुळे.

मूळ झाड जाऊन वर्ष झाले; गेल्या आठवड्यात तुळशीच्या कुंडीतून आणखी तीन रोपे उपटली.