ग्रेट व्हाइट की व्हेल शार्क?

पुतणीला शाळेच्या प्रकल्पासाठी एकच शार्क घ्यायचा आहे, आणि तिचं काही ठरेना.

आकारात व्हेल शार्क बाजी मारतो. जगातला सर्वांत मोठा मासा, १२ मीटरच्याही पुढे जाणारा. ग्रेट व्हाइट साधारण ६ मीटरपर्यंत. खाण्यात मात्र उलटं. हा धिप्पाड गडी पाणी गाळून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातो, तर ग्रेट व्हाइट सीलची शिकार करतो. त्याचं अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राहतं, म्हणून थंड समुद्रातही तो चपळ. (माशाला हे जमतं, याचं मला अजून नवल वाटतं.) हाडं दोघांनाही नाहीत, नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग.

चित्रं काढायची हौस असेल तर व्हेल शार्क घे. प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. शिकार आणि शरीररचना समजावायची असेल तर ग्रेट व्हाइट.