मुनारी, अष्टफलक, गोब्बी, नर्तक: तान्ह्या बाळासाठीचा चार मोबाइलचा संच घ्यावा का?

मोबाइल म्हणजे इथे फोन नव्हे. काड्या, दोरे आणि हलके आकार यांचं, हवेच्या झुळकीने आपोआप फिरणारं टांगतं खेळणं. ‘माँटेसरी मोबाइल’ म्हणून जे विकलं जातं तो बहुतेकदा चारांचा संच असतो: काळा-पांढरा मुनारी, तीन रंगांचे अष्टफलक (आठ त्रिकोणी बाजूंचे आकार), एकाच रंगाच्या छटांच्या गोळ्यांचा गोब्बी आणि चमकत्या कागदाचे नर्तक. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, याच क्रमाने वापरायचा.

आधी मत सांगून टाकतो. पूर्ण संच एकदम विकत घेऊ नका. मुनारी चांगला मिळत असेल तर विकत घ्या, अष्टफलक आणि गोब्बी घरी करा, आणि नर्तकांचा कागद हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

‘माँटेसरी’ या शब्दावर कुणाची मालकी नाही, त्यामुळे तो कशावरही छापता येतो. बॅटरीवर गाणी वाजवत गरगर फिरणारे प्लॅस्टिकचे हत्ती-घोडेही याच नावाने विकतात. मूळ मोबाइल वेगळे. ज्यांच्या नावाची ही शिक्षणपद्धती आहे त्या मारिया माँटेसरी यांनी स्वतः ते घडवलेले नाहीत. रोममध्ये 1947 साली अडेले कोस्ता न्योक्की यांनी तान्ह्या मुलांची देखभाल शिकवणारी शाळा काढली, तिच्या परंपरेत ते रुळले. गोब्बी हे नाव जिआन्ना गोब्बी या शिक्षिकेवरून आलं. मुनारीचं नाव आलं ब्रूनो मुनारी या इटालियन कलावंतावरून. 1930च्या दशकात पुठ्ठा, काड्या आणि दोरा यांतून तो अधांतरी तरंगणाऱ्या रचना करत असे. यातल्या एकाही मोबाइलला मोटर नाही की संगीत नाही. बाळाच्या श्वासाइतक्या हवेने तो हलला पाहिजे, आणि इतका सावकाश की डोळ्यांना त्याच्या मागे जाता आलं पाहिजे.

आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळं टांगायची रीत आहेच, तेव्हा कल्पना काही परकी नाही. फरक आहे तो जागेचा. चिमणाळं पाळण्याबरोबर झुलतं आणि नेमकं तोंडावर असतं. हे मोबाइल मात्र झोपेच्या जागी टांगायचेच नाहीत. जमिनीवर गोधडी किंवा पातळ, घट्ट सतरंजी पसरायची आणि बाळ जागं असेल तेव्हा तिथे ठेवायचं. पाळणा झोपेसाठी, गोधडी पाहण्यासाठी. ही वाटणी पाळली नाही तर संच कितीही महाग असो, उपयोग होत नाही.

आता एकेक.

मुनारी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत. नवजात बाळाला 20 ते 30 सेंमीवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं आणि ठळक काळ्या-पांढऱ्याकडे त्याची नजर ओढली जाते, म्हणून पहिला मान याला. तीन काड्या, दोन्ही बाजूंनी वेगवेगळे रंगवलेले भौमितिक आकार आणि एक पारदर्शक गोळा. या गोळ्याकडे जरा जवळून पाहा. समोर खिडकी असेल तर तिचा उजळ चौकोन काचेवर बारीक होऊन उमटतो. बाकीचे आकार सरकत असतात, हा उजेडाचा ठिपका मात्र जवळपास जागीच राहतो, आणि बाळ बरेचदा आधी त्यालाच धरून ठेवतं. गोळा काढून त्या जागी पांढरा मणी लावणारे विक्रेते मोबाइलचा जीवच काढून घेतात.

गोळा पोकळ हवा. भरीव काचेचा किंवा भरीव अ‍ॅक्रिलिकचा गोळा थेट उन्हात भिंगासारखा ऊन एका जागी एकवटतो, चटका बसू शकतो आणि कापड जळू शकतं. शिवाय तो जड असतो. पोकळ काचेचा चालतो, पण फुटण्याची भीती वाटत असेल तर पोकळ अ‍ॅक्रिलिकचा घ्या. टोपण चिकटवून पक्कं केलेलं आहे का, ते ओढून बघा.

मुनारी घरी करण्यात खरी अडचण कापाकापीची नसून तोल साधण्याची आहे. तोल नेहमी खालच्या काडीपासून वर लावत जायचा. वरून सुरुवात केली की खालची प्रत्येक दुरुस्ती वरचं सगळं बिघडवते. हिशेब तराजूचाच: वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं. समजा गोळा 20 ग्रॅमचा आणि दुसऱ्या टोकाला लटकणारं सगळं मिळून 10 ग्रॅम, तर 30 सेंमीच्या काडीवर गाठ गोळ्यापासून 10 सेंमीवर येईल. काडीचं स्वतःचं वजन धरलं तर किंचित मध्याकडे. गाठ सरकती ठेवा, तोल जमल्यावर दोन दिवस टांगून बघा, मगच फेविकॉलचा एक थेंब लावा. तयार मुनारीत नेमकी इथेच घाई केलेली असते. गाठी कारखान्यातच पक्क्या चिकटवतात, प्रवासात एखादा आकार वाकतो, आणि मग तिरकी झालेली काडी सरळ करायला जागाच उरत नाही. म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा: गाठी सरकतात का?

दुसरी खोड पावसाळ्यातली. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूननंतर पुठ्ठा वळतो. एकाच बाजूला रंग किंवा लॅमिनेशन असेल तर हमखास, कारण उघडी बाजू दमट हवेतलं पाणी ओढते आणि फुगते, बंद बाजू फुगत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच थर असलेला आकार सपाट राहतो. पातळ लाकडी पट्टीचे आकार टिकतात, पण जड होतात आणि आळसावल्यासारखे फिरतात. आमची पसंती दोन्हीकडून रंगवलेल्या जाड कार्डशीटला.

अष्टफलक पाचव्या ते आठव्या आठवड्यात. लाल, पिवळा, निळा असे तीन, चकचकीत मेटॅलिक कागदाचे. बाळाला रंग कळू लागतात तेव्हाचा हा मोबाइल. यात विकत घेण्यासारखं काही नाही. आठ समभुज त्रिकोणांचा साचा काढायचा. बाजू 7 सेंमी ठेवली तर चिकटपट्ट्यांसह एक आकार ए-फोर कागदावर बसतो, म्हणजे तीन रंगांचे तीन कागद पुरतात. घडीच्या रेषेवर आधी रिकाम्या बॉलपेनने किंवा सुरीच्या बोथट कडेने पट्टी धरून चर पाडा. चर न पाडता दुमडलं तर मेटॅलिक थर तडकतो आणि कडेला पांढरी रेघ दिसू लागते. शेवटची पट्टी चिकटवण्यापूर्वी टोकातून दोरा ओवून आत गाठ मारा, हे विसरलं की सगळं परत उघडावं लागतं. तिन्ही एका काडीला वेगवेगळ्या उंचीवर टांगा.

गोब्बीवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण संचातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवा तुकडा हाच. सातव्या ते दहाव्या आठवड्यासाठी. एकाच रंगाच्या पाच छटांचे भरतकामाच्या दोऱ्याने गुंडाळलेले गोळे, सर्वांत गडद सर्वांत खाली आणि फिकट होत होत वर, तिरक्या ओळीत. बाळाची नजर जवळून दूर आणि गडदाकडून फिक्याकडे जाते. छटांमधला फरक सारखा असेल तरच हे साधतं. तयार गोब्बीत बरेचदा दोन छटा जवळपास एकच असतात, तर पुढची एकदम पांढरट. फोटोत ते कळत नाही. दुकानात रंगांच्या लड्या शेजारी शेजारी ठेवून पाच पायऱ्या स्वतः निवडल्या तर चूक होत नाही.

दोऱ्याचा हिशेब असा. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची असते. सहाही पदर एकत्र ठेवून 4 सेंमी व्यासाच्या गोळ्यावर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत वेढे दिले तर सुमारे 63 वेढे लागतात, म्हणजे जेमतेम एक लडी. व्यास 5 सेंमी केला की 12 मीटरच्या वर जातं, आणि प्रत्येक छटेच्या दोन लड्या लागतात. अर्धा गोळा झाल्यावर हे कळलं आणि दुकानात ती छटा संपलेली असली तर काम अडकतं, म्हणून 4 सेंमीवरच थांबा किंवा लड्या आधीच दुप्पट आणा. गोळा थर्मोकोलचा. त्यावर सॉल्व्हंट असलेला डिंक लावला तर तो वितळून खड्डे पडतात, पाण्यात मिसळणारा फेविकॉलच वापरा. एका वेळी पाकळीएवढ्या भागालाच पातळ हात द्या, नाहीतर दोरा ओला होऊन रंग काळवंडतो. वेढे दोन टोकांना एकमेकांवर चढून फुगवटा येतो. तो टाळायला प्रत्येक चौथा-पाचवा वेढा टोकाच्या किंचित अलीकडून वळवा. तयार गोब्बी घेतलाच, तर गोळ्यावर अंगठा ठेवून बाजूला दाबून बघा. दोरे सरकून पांढरा थर्मोकोल दिसला तर परत करा. महिन्याभरात तो उलगडतो.

नर्तक आठव्या ते बाराव्या आठवड्यात. चार आकृत्या, चमकदार हॉलोग्राफिक कागदाच्या, हातपाय झेप घेतल्यासारखे. यात वजन हेच सर्वस्व. जाड प्लॅस्टिक शीटमधून कापलेले नर्तक नुसते लोंबकळतात. पंखा बंद असलेल्या खोलीत तुम्ही शेजारून चालत गेलात आणि नर्तक वळला नाही, तर तो नर्तक नव्हे. दोराही बघा. अशा हलक्या कागदाला नायलॉनची तंगूस लावली की तिचा पीळच आकृतीला एका बाजूला धरून ठेवतो, साधा शिवणाचा दोरा बरा. मुनारीला तंगूस चालते, पण वेटोळं होऊन आली असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून, ताणून सरळ करून घ्या.

टांगण्यात सर्वांत जास्त चुका होतात. हे आकार उभे लोंबतात, त्यामुळे बाळाच्या बरोबर डोक्यावर टांगले तर त्याला खालून फक्त कडा दिसतात. मुनारी तर काळ्या रेघेएवढाच उरतो. मोबाइल छाती-पोटाच्या वर यायला हवा, म्हणजे बाळ त्याच्याकडे तिरकं बघतं आणि त्याला डोळे वर फिरवावे लागत नाहीत. सर्वांत खालचं टोक छातीपासून शाळेच्या फूटपट्टीएवढं, 30 सेंमीच्या आसपास. जुन्या घरात आढ्याला पाळण्याची कडी असते, तिच्याइतकी भरवशाची जागा नाही. चिकटवायचे हुक नकोत, दमट हवेत डिंक सुटतो. कडी नसेल तर लाकडी स्टँड, ज्याचे पाय रुंद आहेत असा. वरून लांब दोरा सोडून मध्ये एस आकाराची कडी घातली तर मोबाइल बदलायला आणि उंची कमी-जास्त करायला सोपं जातं.

आपल्या घरांतला खरा शत्रू छताचा पंखा. चार नंबरवर मोबाइल गरगरतो, दोरे गुंततात, आणि बाळाला त्याचा माग ठेवता येत नाही. पंखा बंद केला तर उन्हाळ्यात बाळ घामाघूम. खोलीच्या कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यांच्या घेराबाहेर गोधडी टाका आणि पंखा एकवर ठेवा. तेही जमेना तर टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, हवा परतून मंद येते.

वेळ निवडताना तेल लावून, न्हाऊ-माखू घालून झाल्यावरची नको, तेव्हा बाळ झोपेला आलेलं असतं. दूध पिऊन, ढेकर काढून, लंगोट कोरडा करून शांत जागं असतं ती वेळ. सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ. त्याने मान वळवली, जांभई दिली, हातपाय ताठ केले की उचला. ते टक लावून बघत असताना आजी-आजोबांनी खुळखुळा वाजवू नये, मोबाइलला हाताने झोका देऊ नये, ‘बघ बघ’ म्हणू नये. हे सांगताना घरात जरा अवघड जातं, पण ती एकाग्रता फार नाजूक असते. बाळ मान एकाच बाजूला टाकत असेल तर रोज गोधडीची दिशा उलटी करा.

कमी दिवसांच्या बाळासाठी हे सगळे आठवडे जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजावेत. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर 30 दिवसांच्या आत व्हायला हवी. ती मोबाइलच्या आधी. तीन महिने पूर्ण झाल्यावरही बाळ चेहऱ्याच्या किंवा मोबाइलच्या मागे नजर नेत नसेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा, दुसरा मोबाइल आणू नका. मोबाइलने बाळ हुशार होतं असा दावा पाकिटावर असेल तर तो सोडून द्या. नजर ठरवणं, तिने पाठलाग करणं आणि स्वतःहून थोडा वेळ रमणं, एवढा सराव त्याला मिळतो. आणि पहिल्या महिन्यात आईचा चेहरा याहून सरस.

विकत घेताना आयएसआय खूण बघा. भारतात खेळण्यांसाठी ती 1 जानेवारी 2021पासून सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा त्यांच्याकडून घेताना रंग कोणता वापरला ते विचारा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने काडी घासून रंग सुटतो का ते बघा.

बाळाचा हात मोबाइलपर्यंत पोहोचू लागला, की चारही खाली उतरवायचे. ते फक्त बघायचे आहेत. दोरा बोटांत गुंडाळला जातो आणि गोब्बीचा थर्मोकोल तोंडात जातो. त्यानंतर, साधारण तिसऱ्या महिन्यापासून, इलॅस्टिकवर टांगलेलं एकच लाकडी कडं किंवा मोठं घुंगरू, धरता येईल इतक्या जवळ, आणि शेजारी मोठं माणूस कायम बसलेलं. घुंगराचा व्यास 32 मिलिमीटरपेक्षा स्पष्टपणे मोठा हवा. त्याहून लहान वस्तू घशात अडकू शकते. बाळ कुशीवर वळून हातांवर उठू पाहू लागलं की तेही काढा.