नोक्ता सिम्प्लेक्स प्लस: इंग्लंडच्या शेतात पहिलं मशीन म्हणून

नांगरलेल्या किंवा कापणी होऊन धसकटं उरलेल्या शेतात मेटल डिटेक्टिंग शिकायचं असेल, तर सिम्प्लेक्स प्लस डोळे झाकून घ्यावं. मुख्य ओढ समुद्राच्या ओल्या वाळूची असेल, तर घेऊ नये. ब्रिटनमध्ये राहून हा छंद सुरू करणाऱ्याने खरेदीआधी एवढं ठरवलं की पुढचा बराच गोंधळ टळतो.

मशीन तुर्कस्तानच्या नोक्ता (आधीचं नाव नोक्ता मक्रो) कंपनीचं, १२ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं. वजन १.३ किलो. दांडा मिटून ६३ सेंटीमीटर होतो, त्यामुळे बसने जाणाऱ्याच्याही पाठपिशवीत मावतो. सोबत २८ सेंटीमीटरची डबल-डी कॉइल (जमिनीवरून फिरवायची, आत दोन डी आकाराची वेटोळी असलेली चकती) येते. नुसती कॉइलच नाही, अख्खं मशीन ३ मीटर खोल पाण्यात चालतं. इंग्लंडच्या भुरभुर पावसात हा फायदा फार मोठा आहे, कारण याच वर्गातल्या गॅरेट एस ३०० आयची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरच्या डब्याला पावसात झाकण लागतं. सिम्प्लेक्सची बॅटरी आतच बसवलेली आहे आणि साधारण १२ तास पुरते. शेतात सेल बदलण्याची सोय नाही, म्हणून खिशात पॉवर बँक ठेवावी. उणीव आहे ती दांड्यात: जोडाशी किंचित हालचाल जाणवते. क्लॅम्प नीट आवळा आणि कॉइलची केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळा. सैल केबल हलत राहिली तर मशीन उगाच बोलतं आणि नवशिक्याला वाटतं की मशीनच बिघडलंय.

याच किमतीच्या कित्येक मशीनमध्ये नसलेली आणि इथे मिळणारी गोष्ट म्हणजे ग्राउंड बॅलन्स. मातीतली लोहखनिजंही कॉइलला उत्तर देतात. तो आवाज वजा केला नाही तर खोलवरची छोटी नाणी त्यात बुडून जातात. आधी धातू नसलेली जागा शोधा, ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून १५-२० सेंटीमीटरवरून ३ सेंटीमीटरपर्यंत सावकाश खालीवर करत राहा. आवाज शांत झाला की बटण सोडा. पुरलेल्या खिळ्यावर हे केलंत तर मशीन त्या खिळ्यालाच माती समजेल. शेत बदललं, चिकणमाती संपून खडूची जमीन लागली, की पुन्हा करा.

मोड पाच आहेत: ऑल मेटल, फील्ड, दोन पार्क आणि बीच. शेतात फील्ड लावा. नॉच, म्हणजे ठरावीक आकडे गप्प करण्याची सोय, सुरुवातीला वापरूच नका. स्क्रीनवर ० ते ९९ आकडे दिसतात: लोखंड खालच्या टोकाला, तांबं आणि चांदीची मोठी नाणी वरच्या टोकाला. पण मध्ययुगातली हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची पेनी इतकी पातळ असते की ती मधल्याच आकड्यांत येते. शीतपेयाच्या डब्याची कडी तिथेच, छोटी सोन्याची अंगठीही तिथेच. कड्या नकोत म्हणून मधले आकडे बंद केले की ती पेनी आणि अंगठी दोन्ही कायमच्या सुटल्या. लोखंडाचा आवाज मात्र बेलाशक कमी करा, त्यासाठी वेगळी सोय आहे. पूर्ण बंद करू नका. कुठे खिळे दाट लागतात हे त्या घुरघुरीवरून कळतं, आणि जिथे खिळे दाट तिथे कधीकाळी घर होतं.

कॉइल जमिनीला समांतर, २-३ सेंटीमीटर वर धरा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा. टोकाला हात वर उचलला जातो, ही सगळ्यात सार्वत्रिक चूक. तेवढ्या पट्ट्यात खोली निम्मी होते. सिग्नल आला की ९० अंशात वळून पुन्हा फिरवा. दोन्ही बाजूंनी तोच आवाज, तोच आकडा आला तर खणा. एका बाजूने बोलतो आणि दुसरीकडून तुटतो किंवा आकडा उड्या मारतो, तर बहुधा वाकडा खिळा. मोठं गंजलेलं लोखंड फसवं असतं, ते कधी कधी चांदीसारखा उंच सूर देतं. अशा वेळी पिनपॉइंटवर (वस्तूची नेमकी जागा शोधायची मशीनमधली सोय) डाग पसरट लागतो. एकट्या नाण्यासाठी १५ ते २० सेंटीमीटर खोली धरून चाला. त्याहून मोठे दावे हवेत घेतलेल्या चाचणीचे असतात.

शेजारी दुसऱ्याचं सिम्प्लेक्स चालू असेल तर दोन्ही मशीन ओरडतात. फ्रिक्वेन्सी शिफ्ट वापरा आणि अंतर वाढवा. विजेच्या तारांखाली संवेदनशीलता उतरवा.

मशीनवर वाचलेले पैसे हातातल्या पिनपॉइंटरवर, म्हणजे खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवणाऱ्या छोट्या डिटेक्टरवर, घाला. गॅरेट प्रो-पॉइंटर एटी ९ व्होल्टच्या सेलवर चालतो, ६ मीटरपर्यंत पाण्यात टिकतो आणि खड्ड्यातली मातीच्या रंगाची नाणी अर्ध्या मिनिटात दाखवतो. तो नसेल तर लोक माती उकरत राहतात आणि फावड्याच्या पात्याने नाण्याची कड कापतात. कुरणात खणताना तीन बाजूंनी कापून गवताचा तुकडा बिजागरीवर उघडल्यासारखा उलटा, चौथी बाजू जोडलेलीच ठेवा, माती कापडावर काढा, मग सगळं परत भरून पायाने दाबा. उघडा खड्डा राहिला तर मेंढीचा पाय मोडतो आणि शेतकऱ्याची परवानगी सगळ्यांसाठीच संपते.

आता वाळू. कोरड्या वाळूत सिम्प्लेक्स छान चालतं. ओल्या खाऱ्या वाळूत मीठ वीज वाहून नेतं, आणि एका फ्रिक्वेन्सीला मीठ आणि धातू वेगळे काढणं जड जातं. बीच मोड लावून संवेदनशीलता कमी केली तर बडबड थांबते, पण खोलीही जाते. इथे मायनलॅबचं व्हँक्विश ४४० स्पष्टपणे सरस आहे, कारण ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. मात्र त्याची कॉइलच पाण्यात चालते, मुख्य डबा नाही, आणि ग्राउंड बॅलन्स स्वतः करता येत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुवा, कॉइलचं आवरण काढून आतली वाळू झटका. काळी वाळू साचली की खोटे सिग्नल सुरू होतात.

शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाची लेखी परवानगी हवी, आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी, हेही त्यातच लिहून घ्या. संरक्षित स्मारकाच्या जागी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६चा ट्रेझर कायदा लागू आहे: ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच जागी मिळालेली तशी दोन नाणी, १४ दिवसांत कळवावी लागतात. सुटं एकच नाणं सहसा यात येत नाही, पण तेही स्थानिक फाइंड्स लिएझन अधिकाऱ्याला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणारा अधिकारी) दाखवा. नाणं घासू नका, व्हिनेगरमध्ये टाकू नका. हिरवा थर निघाला की त्यावरची अक्षरंही निघतात. जागेचे जीपीएस आकडे तिथल्या तिथे टिपा. ठिकाण माहीत नसलेल्या नाण्याची अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मी किंमत जाते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

सुट्टीत हे मशीन गावी न्यायचा विचार असेल, तर तो सोडा. भारतात १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत मिळालेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो, आणि गडकिल्ल्यांवर डिटेक्टर फिरवणं म्हणजे इतिहासाची लूटच. शिवाय दख्खनचा बसाल्ट, कोकणातला जांभा आणि रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवरची इल्मेनाइटची काळी वाळू या तिन्हींत लोह इतकं आहे की एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनची खोली तिथे झपाट्याने घटते.

सिम्प्लेक्सची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, त्यामुळे प्लस आता बऱ्याचदा जुन्या बाजारात मिळतं. घेताना कॉइलचे दांड्याला जोडणारे दोन्ही कान तडकलेत का पाहा, केबलच्या जोडात हिरवा गंज आहे का बघा, चार्जिंगची केबल चिकटवून बॅटरीचं चिन्ह हलतंय याची खात्री करा. मग विक्रेत्याच्या अंगणात ग्राउंड बॅलन्स करून एक पेनी जमिनीवर ठेवा आणि केबल हाताने हलवत कॉइल फिरवा. आकडा स्थिर राहिला तर पैसे द्या.