घर विकायचं: लिलावात की गिऱ्हाईक गाठून?

लिलावाचा मोह होतो तो झटपट निकालामुळे. हातोडा पडला की सौदा पक्का, घासाघीस संपली. पण भाव नेमका कोण ठरवतं, ते आधी बघा.

समजा, दोघंच बोली लावतायत. एकाच्या मनात घर भरलंय, तो १०० पर्यंत जाईल. दुसऱ्याची मजल ८० पर्यंत. दुसरा ८० वर थांबला की पहिल्याला ८१ ला घर मिळतं. त्याच्या खिशातले १९ तुम्हाला कधी दिसतच नाहीत. भाव ठरवला तो हरलेल्यानं! हा हिशेब १९६१ मध्ये विल्यम विक्री (आडनाव खरंच असंच) या अर्थतज्ज्ञानं मांडला. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. समोरासमोरच्या सौद्यात त्या पहिल्याला बाकी कोण रांगेत आहे हे ठाऊक नसतं. तुम्ही ९५ वर अडून बसता, ९० ला जमतं. अर्थात, धीर सुटला तर ७५ लाही द्याल.

शिवाय लिलावाला येतं कोण? इसार जागच्या जागी, उरलेली रक्कम बहुधा काही आठवड्यांत. गृहकर्जावर अवलंबून असलेली कुटुंबं इथेच गळतात. उरतात रोख बाळगणारे. ते भिंतीवरची ओल बघतात, दुरुस्तीचा खर्च वजा करतात, मग स्वतःचा नफा. स्वयंपाकघरात उभं राहून टेबल कुठे मावेल ते बघणारी बाई त्या गर्दीत सहसा नसते.

जाहिरात आणि कागदपत्रांचा खर्चही अनेकदा घर विकलं जावो न जावो, द्यावाच लागतो. एजंटची दलाली बहुधा सौदा झाल्यावरच.

सगळ्यात वाईट म्हणजे लिलावात घर विकलं न जाणं. राखीव किंमत (जिच्या खाली घर द्यायचं नाही, ती) कमी ठेवली तर पडत्या भावात जाण्याची भीती, जास्त ठेवली तर बोलीच चढत नाही. आणि न विकलेलं घर चारचौघांत उघडं पडतं. पुढचं गिऱ्हाईक तुमच्या राखीव किमतीच्या खालूनच बोलायला लागतं.

नेहमीच्या विक्रीतही ताप आहेच: टोकन देऊन गायब होणारे, कर्ज नामंजूर झालेले, महिनोन्‌महिने नुसत्या चकरा. म्हणून मोडकळीला आलेलं, बँक कर्ज देणार नाही असं घर असेल, किंवा भावाभावांचा एकमेकांवर विश्वास नसेल, तर लिलाव बरा. उघड बोलीवर संशय घ्यायला फारशी जागा उरत नाही. राहतं, धडधाकट घर मात्र मी लिलावात काढणार नाही.

काढायचंच असेल तर घर बघायला किती जण आले ते रोज विचारा. एकच जण पुन्हापुन्हा येत असेल, तर भाव चढवायला दुसरं कुणी नाही; मग लिलावाआधी घर मागे घ्यायला किती पैसे पडतात, ते करारात शोधा.