इंग्लंडच्या खेड्यात आठवडा: दुसऱ्याचे घर राखावे की कॉटेज भाड्याने घ्यावे?

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्यांना लंडन आणि आसपासची शहरे पाहून झाली, की यॉर्कशर डेल्स, पीक डिस्ट्रिक्ट किंवा कॉट्सवोल्ड्समधल्या खेड्यांत आठ-दहा दिवस राहावेसे वाटू लागते. त्यासाठी एक सरळ मार्ग म्हणजे आठवड्याच्या भाड्याने कॉटेज घेणे. दुसरा मार्ग हाउस सिटिंगचा, म्हणजे मालक सुटीवर गेले असताना त्यांच्या घरात राहून घराची आणि कुत्र्या-मांजरांची देखभाल करण्याचा. यात बहुतेक वेळा कोणी कोणाला पैसे देत नाही. २०१० मध्ये ब्रायटन येथे सुरू झालेल्या ट्रस्टेडहाउससिटर्ससारख्या संकेतस्थळांवर वार्षिक वर्गणी भरून अशी घरे शोधता येतात. हा दुसरा मार्ग प्रथमदर्शनी फुकटचा वाटतो आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

मालक आपले घर अनोळखी माणसांच्या हाती का सोपवतो, हे आधी समजून घ्यायला हवे. घर महिनाभर रिकामे राहिले तर अनेक विमा पॉलिसींचे संरक्षण कमी होते. कुत्र्याला केनेलमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या जागी, ठेवणे महाग पडते. आणि वय झालेले जनावर परक्या जागी खाणेपिणे सोडते. म्हणजे मालक पाहुण्याच्या नव्हे, तर राखणदाराच्या शोधात असतो. कोकणातल्या राखणदाराला निदान वर्षाकाठी नारळ तरी मिळतो. येथे मोबदला म्हणून छप्पर मिळते आणि त्याची किंमत आपल्या वेळातून चुकवावी लागते.

पैशांचा हिशेब थोडक्यात आटोपतो. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत शाळांना सुटी असते आणि कॉटेजचे भाडे बरेच वाढते. त्या काळात घर राखण्यात मोठी बचत होते. मे किंवा ऑक्टोबरमध्ये, शाळेची आठवडाभराची सुटी वगळली, तर हा फरक इतका कमी होतो की केवळ पैशांसाठी दुसऱ्याचे घर राखायला जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

खरा फरक दिवसाच्या वेळापत्रकात आहे. कॉटेजमध्ये सकाळी किल्ली खिशात टाकून निघाले, की रात्री कितीही वाजता परतता येते. घर राखताना मात्र कुत्र्याला साधारण चार तासांहून अधिक काळ एकटे ठेवू नये, अशी बहुतेक मालकांची अट असते. त्यामुळे घरापासून दीड तासाच्या अंतरापलीकडचे प्रत्येक ठिकाण व्यवहारात यादीतून बाद होते. एका दिवसात तीन गावे, एक किल्ला आणि एक धबधबा ‘उरकण्याची’ सवय असलेल्यांना हे बंधन तिसऱ्या दिवशीच जाचू लागेल. उलट, ज्यांना एकाच गावात रमायचे आहे त्यांच्यासाठी कुत्रा हा उत्तम वाटाड्या ठरतो, कारण रोज दोनदा त्याला फिरवून आणताना गावातली माणसे आपणहून बोलू लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर लांबीच्या सार्वजनिक पायवाटा आहेत आणि त्यांतल्या अनेक थेट शेतांमधून जातात. कॉटेजमध्ये राहणारा प्रवासी त्यांतल्या प्रसिद्ध वाटा एकदा चालतो, तर घर राखणारा एकच साधी वाट वीस वेळा चालतो.

मात्र या वाटांवर परक्याचा कुत्रा नेणे ही जोखीम आहे. बहुतेक खुल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी कुत्रा दोन मीटरपेक्षा आखूड पट्ट्याने बांधलेला असावा लागतो, आणि गुराढोरांजवळ हा नियम तेथे वर्षभर लागू असतो. कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला तर विशिष्ट परिस्थितीत शेतकऱ्याने त्याला गोळी घालणेही कायद्याला मान्य आहे. गाई अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्यावा, असा अधिकृत सल्ला आहे. पण दुसऱ्याच्या लाडक्या कुत्र्याचा पट्टा त्या क्षणी हातातून सोडणे किती जड जाईल, याचा विचार घरी बसूनच केलेला बरा.

ज्यांनी कधी जनावर पाळलेले नाही त्यांनी कुत्र्याऐवजी मांजराच्या घरापासून सुरुवात करावी. मांजराला फिरवावे लागत नाही आणि दिवसभर बाहेर जाता येते. स्वयंपाकाबाबत दोन्हीकडे सावध राहावे लागते. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांना अपायकारक असतात, तर द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात; त्यामुळे फोडणीची भाजी आणि शिऱ्यातले मनुके जमिनीवर सांडू न देणे हेही राखणीचेच काम आहे. पशुवैद्याचा खर्च कोण करणार आणि मालकाशी संपर्क न झाल्यास उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच लेखी घ्यावे.

खेड्यातली बस अनेक ठिकाणी दिवसातून दोन-चार वेळाच असते आणि रविवारी कित्येकदा नसतेच, त्यामुळे स्वतःची गाडी दोन्ही पर्यायांत हवी. घर राखताना त्यात तेलाच्या टाकीवर चालणारी हीटिंग आणि लाकडाची शेगडी समजून घेण्याची भर पडते. अनेक जुन्या घरांत सदैव तापलेली ओतीव लोखंडाची आगा चूलही असते. पोळ्यांसाठी मात्र तिच्यासारखी दुसरी चूल नाही.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना बरोबर न्यायचे असेल, तर निःसंशय कॉटेजच घ्यावे. एक तर मालकाच्या परवानगीशिवाय घरात तिसरे माणूस आणता येत नाही, आणि दुसरे म्हणजे व्हिजिटर व्हिसावर काम करण्यास मनाई असल्याने राहण्याच्या मोबदल्यात केलेली देखभाल ही सेवा ठरण्याचा धोका असतो. असा धोका इतर देशांतही असतो: अमेरिकेमार्गे कॅनडात मांजर सांभाळायला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन महिलेला २०२२ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले होते. स्थायिक असलेल्यांना ही अडचण नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र आपल्या व्हिसाच्या अटी वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

एवढे वाचूनही घर राखण्याकडे कल असेल, तर होकार देण्यापूर्वी मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि कुत्रा रात्री कुठे झोपतो, हे आवर्जून विचारावे. ‘आमच्या पलंगावर, पायथ्याशी’ असे उत्तर आले आणि आपल्या दोघांपैकी एकाचा चेहरा उतरला, तर त्याच संध्याकाळी कॉटेजची चौकशी सुरू करावी.