न पटणारा कायदा: गुपचूप मोडा, उघड मोडा की पाळून भांडा?

कायदा पटत नसेल तर तो पाळायचा का, यावर माझ्या मते पर्याय तीनच. गुपचूप मोडायचा, उघड मोडून शिक्षा भोगायची, नाहीतर पाळायचा आणि भांडत राहायचं. मी यातले दोन करून बघितलेत.

गुपचूपवाला सगळ्यात सोपा, कबूल. गोव्यात धिरयोंवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, हायकोर्टाने १९९६ साली बंदी घातली, तरी कुठल्या शेतात कधी बैल लागणार ते कळायचं त्याला कळतंच. मीसुद्धा घरामागे स्कूटरसाठी पत्र्याची शेड घातली, पंचायतीचं लायसन्स न घेता, कारण स्वतःच्या जागेत चार पत्रे टाकायला परवानगी कशाला हे तेव्हाही वाटायचं आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं. चार वर्षं कोणी विचारलं नाही. मग समोरच्या भातशेतात टिप्परने माती पडायला लागली, शेत बुजवतायत म्हणून मी ग्रामसभेत तावातावाने उठलो आणि मागून एकजण हळूच म्हणाला, "तुमच्या शेडला लायसन्स आहे मां?" झालं. बसलो खाली. दंड भरला असता हो, त्याचं काही नाही, पण ज्याला आपलं ठाऊक आहे त्याच्याशी गोड बोलत राहायचं, तो काहीही करो आपण बघितलंच नाही असं दाखवायचं, हे रोजचं मला नाही झेपलं.

उघड मोडणाऱ्यांबद्दल आदर आहेच. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभाबंदी मोडली तेव्हा पोर्तुगीजांचे कायदे बदलून घ्यायला गोंयकाराच्या हातात होतं तरी काय? गांधीजींनी १९२२ च्या खटल्यात आरोप स्वतःहून कबूल केले आणि ६ वर्षांची शिक्षा घेतली. एवढी तयारी असेल तर जरूर करा. पणजीत १८ जून रस्त्यावरच नो पार्किंगात गाडी लावायची आणि चलान फाडलं की पोलिसाशी वाद घालायचा, तो मात्र सत्याग्रह नव्हे.

पाळून भांडणं म्हणजे महाकंटाळा, अर्ज करा, शिक्का घ्या, साहेब जागेवर नाहीत, उद्या या. तरी रिजनल प्लॅन २०११, म्हणजे गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा २०११ पर्यंतचा आराखडा, लोकांनी आवाज उठवला म्हणूनच सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला ना. दरवेळी असं होत नाही, आणि कायदाच जर दुसऱ्यावर अन्याय करायला लावत असेल तर मीही बहुतेक दुसऱ्या पर्यायाकडे वळेन. पण शेड, हेल्मेट, झाड तोडायची परवानगी असल्या गोष्टींत मला तिसराच बरा वाटतो, तुमचं वेगळं असू शकेल.

शेड उतरवली. पुढच्या ग्रामसभेत परत उठलो, यावेळी मागून कोणी काही बोललं नाही. माती अजून तिथेच आहे, तक्रारीची शिक्का मारलेली कॉपी माझ्याकडे आहे, आणि स्कूटर ताडपत्रीखाली.